तिसऱ्या टेबलावर कोणी नाही

"तू तिकडं येऊ नकोस, एवढंच सांगायला आलोय," मुकादम गोठ्याच्या दारातूनच म्हणाला.

"का? माझ्या येण्यानं दगड फुटणार आहेत का तुमचे?" पॉलिशवालीनं शेळ्यांपुढं पाला टाकला. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

मुकादम तिचा पाठचा भाऊ. माळावरच्या शेडमध्ये स्वयंपाकघरांच्या ओट्यांसाठी कारखान्यात बनवलेला दगड कापत, घासत, चमकवत. तिथल्या माणसांवर याची देखरेख. तिचा नवरा त्यांच्यात सगळ्यात तयारीचा पॉलिशवाला, म्हणून गावानं तिलाही पॉलिशवाली करून टाकलं. तुला आरसा कशाला, नवऱ्यानं घासलेल्या ओट्यात बघून वेणी घाल, असं बायका चिडवायच्या. नवरा गेला, नाव तेवढं मागं राहिलं.

तो गेला ते दगडाच्या भुकटीनं. फुफ्फुसात ती असली घट्ट बसली, की शेवटी शेवटी त्याला आडवंही होता येईना. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. अजूनही भर दुपारी घरात शिरताना ती त्या भिंतीकडं बघायचं टाळायची. कोणी नसतं हे तिला ठाऊक होतं, तरी छातीत धस्स व्हायचं. आणि तिचं एकटीचंच असं होतं असंही नाही. त्या गल्लीत तशा भिंती बऱ्याच होत्या.

तिनं मालकावर दावा लावला होता. मालकाचं म्हणणं, आमच्याकडं पहिल्यापासून पाणी सोडूनच दगड कापतात, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क असतो. त्याची छाती सिगारेटी ओढून गेली. ज्या माणसाला चुलीचा धूर सोसत नव्हता, त्याच्याबद्दल हे! आज कोर्टानं नेमलेले साहेब शेड बघायला येणार होते.

"आणि तू काय सांगणार त्यांना?" तिनं आता त्याच्याकडं तोंड फिरवलं. "पाणी असायचं म्हणून?"

"सांगावं लागतं, अक्का. पोरंबाळं आहेत मला."

"मला नाहीत? दाजींना चांगलं शेतातून उठवून तिकडं कोणी नेलं? सावलीतलं काम आहे, असं कोण म्हणालं होतं?"

मुकादम चपलेनं माती उकरत राहिला आणि निघून गेला.

ती गेलीच. ऊन असं रणरणत होतं, की पाय ठेवावा तिथं चटका. शेडच्या आसपासच्या झुडपांवर पांढरा थर, वारा आला की तो धुरासारखा उठायचा. आत मात्र सगळा थाटमाट. फरशी धुतलेली, टेबलांवर नवेकोरे पाइप, माणसांच्या तोंडाला नवे मास्क. नवरदेवासारखी नटवली होती शेड.

साहेब वयस्क होते, सारखे शिंकत होते. एका बाजूला मालक आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला तिची वकीलबाई. टेबलं पाच, आणि माणसं चारच उभी.

"तिसऱ्यावर कोणी नाही ते?" साहेबांनी विचारलं.

"ए, उभा राहा रे कोणीतरी!" मालक ओरडला. कोणी हललं नाही. पॉलिशवालीचा नवरा गेल्यापासून त्याच्या त्या टेबलाला कोणी हात लावला नव्हता. मशीन बंद असतानाही तिथं घासल्याचा आवाज येतो, असं माणसं आपसात बोलायची. साहेबांना हे कोण सांगणार?

"जाऊ द्या. जसं रोज करता तसं दाखवा," साहेब म्हणाले.

मुकादमानं पाण्याचे नळ सोडले, पहिल्या टेबलाशी कटर हातात घेतला आणि नेहमीसारखी हाळी दिली, "हां, घ्या!"

मशिनं घरघरली. पातं अजून दगडाला लागलंही नव्हतं. एवढ्यात दुसऱ्या टेबलावरच्या म्हाताऱ्या कापणाऱ्यानं मान वळवली, नवा मास्क हनुवटीखाली ओढला आणि शर्टाची कॉलर नाकावर ओढून दातात गच्च धरली. शेजाऱ्यानं तेच केलं. त्याच्या पलीकडच्यानं तेच. मुकादमानंसुद्धा. चौघांचे हात आपोआप वर गेले, कोणाला पत्ताही नाही.

"थांबवा!" साहेब ओरडले. "हे काय केलंत?"

चौघं एकमेकांकडं बघायला लागले. कॉलरी अजून दातातच.

"सवय आहे साहेब," म्हातारा चाचरत म्हणाला. "धूळ येते ना."

"पाणी सोडल्यावर कसली धूळ?"

"साहेब, ते घाबरलेत," मालकाचा वकील मध्ये पडला.

"मी त्यांना विचारतोय. केव्हापासूनची सवय?"

म्हाताऱ्यानं मालकाकडं पाहिलं, मग तिसऱ्या टेबलाकडं. तिथं बराच वेळ बघत राहिला. "पहिल्यापासून," तो म्हणाला. "पाण्यानं चिखल होतो, चमक कळत नाही, म्हणून कोरडंच घासायला लावायचे. हे पाइप काल बसवले. मास्क आज सकाळी दिले."

"चूप रे!" मालक किंचाळला. पण वकीलबाईंचा हात भराभर चालला होता, आणि साहेबही लिहून घेत होते.

पॉलिशवालीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चौघांनी कॉलर दातात धरली तेव्हा तिला तिसऱ्या टेबलाशी पाचवा दिसला होता. वाकलेला, तोंडात शर्ट, भुवया पांढऱ्या. त्यानं वर पाहिलं नव्हतं. कामात असला की तो कधीच वर बघायचा नाही. तिला रडू कोसळलं, आणि ती तशीच बाहेर पडली.

बांधावर मागून हाक आली. मुकादम होता. तिच्याजवळ येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकला. एवढ्याशा चालण्यानं त्याला धाप लागली होती.

"अक्का... वकीलबाईंना सांगशील? माझाही दावा..."

तिनं त्याच्या छातीकडं पाहिलं. "तुलाही तेच? डॉक्टर केव्हा म्हणाला?"

"दाजींना म्हणाला त्याच दिवशी. एकाच गाडीनं गेलो होतो ना आम्ही. मालक म्हणाला, तोंड बंद ठेव, मुकादमकी राहील."

तिला त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. यातलं तिनं काहीच केलं नाही.

"सगळं सांगावं लागेल," ती म्हणाली. "दाजींना काय सांगून नेलंस, तेसुद्धा."

"सांगतो."

"चल मग."

ती पुढं झाली. दहा पावलांवर थांबली आणि बांधावरचं गवत उपटायला लागली. तो जवळ आला, तशी पुन्हा थोडं चालली, पुन्हा वाकली. शेळ्यांना ते गवत चालत नव्हतं. पण नवऱ्याबरोबर ती असंच चालायची, म्हणजे थांब म्हणायची पाळी त्याच्यावर येत नसे.