दोन दिवस धर हं

मित्रांनो, मी एक जुनी सेफ्टी पिन आहे. साधी नाही, चांगली बोटभर लांब, जाड तारेची. आमच्या जातीचं एक दुखणं आहे. आम्ही कामावर असतो तेव्हा आमचं तोंड मिटलेलं असतं आणि ते उघडलं की धरलेलं सगळं सुटतं. त्यामुळे जे सांगायला हवं होतं ते मी वेळेवर कधीच सांगू शकले नाही. आज सांगते, तेही दात-ओठ घट्ट मिटूनच. ऐकून घ्या.

कारखान्यात तार ओढून, वाकवून, टोकाला धार देऊन मला घडवलं. अकरा बहिणींबरोबर एका पुठ्ठ्यावर टोचून मी दुकानात आले. तिथून मला एका आईने घेतलं. तिला नुकताच मुलगा झाला होता आणि तो इतका हातपाय झाडायचा की त्याचं दुपटं दोन मिनिटं जागेवर राहत नसे. ते आवळून धरायचं काम माझ्याकडे आलं. त्याचा डावा हात तर सारखा बाहेर! कितीही गुंडाळा, पाच मिनिटांत मूठ बाहेर आलीच म्हणून समजा. त्याची सात वर्षांची ताई ती मूठ पुन्हा आत सरकवायची आणि मला लावायची. "टोचू नकोस हं त्याला," असं मला बजावायची. मी त्याला एकदाही टोचलं नाही. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ.

मुलगा वाढला, चांगला सहा फूट झाला. तरी ताई त्याला छोट्याच म्हणायची. त्याला विजेच्या तारा दुरुस्त करायची नोकरी लागली आणि ताई टपाल कचेरीत खिडकीवर बसू लागली. मी शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर पडून होते.

ताईला लोकर कातायचा नाद लागला. नाद म्हणजे वेडच म्हणा ना. मेंढपाळाकडून कच्ची लोकर आणायची, धुवायची, पिंजायची, तिचे मऊ पेळू करायचे आणि टकळीवर सूत काढायचं. एका हिवाळ्यात छोट्या कामावरून आला तो कुडकुडतच. "ताई, वर खांबावर वारा नुसता हाडात शिरतो गं," म्हणाला. झालं! ताईने मेंढपाळाच्या कळपातल्या एकुलत्या एका करड्या मेंढीची सगळी लोकर आणली, स्वतः कातली आणि दहा नंबरच्या सुयांवर त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. महिनाभरात पाठ झाली, पुढची बाजू झाली, उजवी बाही झाली. डावी बाही खांद्याकडून विणत विणत कोपरापर्यंत आली.

आणि ताईच्या कचेरीतल्या साहेबांच्या घरी नातू झाला. त्याला टोपडं हवं होतं. दहा नंबरच्या सुया एकच जोडी. ताईने डबा उघडून मला बाहेर काढलं, बाहीचे बत्तीस टाके एकेक करून माझ्यावर उतरवले, माझं तोंड मिटलं आणि म्हणाली, "दोन दिवस धर हं."

मी धरले. मित्रांनो, त्या दोन दिवसांची नऊ वर्षं झाली.

ताई वाईट नव्हती हो. तिला नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच. टोपड्यामागून शेजारच्या नर्सबाईंचे हातमोजे आले, त्यांचे अंगठे राहिले. मग खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंची शाल, तिची झालर राहिली. मग तांबडा मफलर, मग कुणाच्या तरी लेकीचे पायमोजे, त्यातला एकच झाला. तुम्ही म्हणाल, सुयांची नवी जोडी घ्यायची की! घेतली ना, दोनदा घेतली. त्यांवर आणखी दोन कामं चढली. खोलीच्या दारामागे सात खुंट्या होत्या, सात खुंट्यांवर सात पिशव्या, आणि टकळीवर नेहमी आठव्या कामाचं सूत. नव्याचे नऊ दिवस झाले की पिशवी खुंटीवर जायची. आई म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या! अगं, आधी त्याचा स्वेटर तरी पुरा कर."

"तो काय, घरचाच आहे," ताई म्हणायची. "तो थांबेल."

आणि तो खरंच थांबायचा. दर थंडीत एकदा आमची पिशवी काढायचा, एका बाहीचा स्वेटर अंगाला लावून आरशासमोर उभा राहायचा. "ताई, एक हात गरम झाला. दुसऱ्याला सांगतो, पुढच्या वर्षी ये." ताई हसायची, त्याच्या पाठीत धपाटा घालायची. "या रविवारी करतेच बघ!" रविवारी कुणीतरी दारात उभंच असे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यातून कधी शालीला पट्टा हवा म्हणून, कधी मोज्यांच्या टाचेला हवी म्हणून, त्याच्याच करड्या लोकरीतला हातभर धागा जायचा. पिशवीतला गुंडा माझ्या डोळ्यांदेखत लिंबाएवढा झाला. ओरडावंसं वाटायचं, अगं बाई, ही दुसऱ्याची नाही, आपल्या छोट्याची आहे! पण तोंड उघडलं असतं तर बत्तीस टाके उसवत खांद्यापर्यंत गेले असते. मग मी काय करणार? धरून बसले. दमट हवेत मला गंज चढू लागला आणि माझ्याखालच्या टाक्यांना तांबूस डाग पडू लागले. जे जपायचं तेच माझ्यामुळे खराब होत होतं आणि मला तसूभर हलता येत नव्हतं.

त्या सकाळी ताई सुट्टी घेऊन घरी होती, पिवळी लोकर कातत होती. फोन वाजला. खांबावर छोट्या काम करत असताना खालून कुणीतरी चुकून प्रवाह सुरू केला होता. ताईच्या हातून टकळी खाली पडली आणि गरगरत कपाटाखाली गेली. पुढचे तीन आठवडे ती कुणी उचलली नाही. घरात फक्त आईचं रडणं आणि दवाखान्यात जाता-येता कुलूप-किल्ल्यांचा आवाज ऐकू यायचा. कुणी येऊन जाऊन बोलायचं, त्यावरून मला कळलं की जीव वाचला. डावा हात मात्र कोपराखालून काढावा लागला.

डावा हात, मित्रांनो. दुपट्यातून सारखा बाहेर यायचा तोच.

तो घरी आला तेव्हा थंडी पडली होती. पलंगावर बसून म्हणाला, "ताई, तो स्वेटर आण. झालाय तेवढा आण."

ताईने पिशवी काढली. स्वेटर त्याच्या मांडीवर ठेवला आणि तिघंही बघतच राहिली. बाही कोपराशी संपत होती.

छोट्याच आधी बोलला. "बघ, बरोब्बर मापाचा झालाय. आता टाके बंद कर आणि दे."

"नाही," ताई म्हणाली. "मी पुरी करणार."

"अगं पण आता कशाला?" आईचा आवाज चिरकला.

"मी म्हटलं होतं म्हणून."

तिने तांबड्या मफलरातून सुया सर्रकन ओढून काढल्या. त्याचे टाके भराभर सुटले, तिने वळूनही पाहिलं नाही. मग माझं तोंड उघडलं आणि बत्तीस टाके सुईवर घेतले. गंजाचे डाग दिसले तसे तिने अंगठ्याने चोळले. ते गेले नाहीत. नऊ वर्षांनी माझं तोंड मोकळं झालं आणि सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

लोकर चार ओळींत संपली. ताई मेंढपाळाकडे गेली. ती करडी मेंढी चार वर्षांपूर्वीच मेली होती. दुसरी मिळाली ती जरा काळपट. ती ताईने रात्री जागून घाईघाईने कातली, म्हणून सूत कुठे जाड, कुठे बारीक, आणि क्षणाक्षणाला तुटणारं. कोण कोण कामं घेऊन दारात आलं, तिने सगळ्यांना परत पाठवलं. ‘नाही’ म्हणणं तिला तेव्हा जमलं. नऊ वर्षं राहिलेलं काम अकरा दिवसांत झालं. कोपरापर्यंत एक रंग आणि कोपराखाली दुसरा, कुणालाही लांबून कळेल असा.

छोट्याने स्वेटर घातला. उजवा हात बाहेर आला. डावी बाही नुसती लोंबत राहिली, मनगटाच्या पट्टीसकट. आईने तोंड भिंतीकडे वळवलं. ताई तर बघूच शकेना. छोट्याने एका हाताने बाही दुमडायला घेतली. ती सुटली. पुन्हा दुमडली, पुन्हा सुटली.

"ताई, ती पिन कुठाय गं?"

"कुठली?"

"या बाहीला होती ती."

"ती गंजलीय रे. नवी आणते."

"नवी कशाला? हीच लाव. हिला धरायची सवय आहे."

ताईने मला टेबलावरून उचललं आणि पदराने पुसलं. कोपराखालचा काळपट भाग तिने आत दुमडला, कडा सारख्या केल्या आणि आतून बोट लावून मला आरपार घातलं, त्याला टोचू नये म्हणून. माझं तोंड मिटताना तिचे ओठ हलले. तेच जुनं ‘दोन दिवस धर हं’ तोंडात आलं असणार. ती ते बोलली नाही. छोट्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली आणि तो उजव्या हाताने तिला थोपटत राहिला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या खुंटीवर अशी पिशवी असेल. ती कुणासाठी आहे ते जरा बघा, आणि तो घरचाच असेल तर आधी त्याच्या दोन ओळी विणा, आजच. आमच्या भरवशावर राहू नका. आम्ही फक्त धरतो, आम्हाला विणता येत नाही.

मी आता त्या बाहीवर आहे. दुमडलेला भाग आत गेल्यामुळे वरून स्वेटर एकाच रंगाचा दिसतो. दर सकाळी ताई मला लावते आणि मी धरते.