तेवीस नंबरची डबी

आमच्या प्रयोगशाळेत नासलेलं अन्न नंबराने ओळखलं जातं. ते कुणाच्या घरून आलं हे चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पाकिटात घालायची, नंबर दुसऱ्या कुणी टाकायचा आणि काम संपेपर्यंत पाकीट उघडायचं नाही. म्हणजे मन आधीच एका बाजूला झुकत नाही. आम्ही सगळेच घरून नासकं आणतो. माझ्या शेजारी बसणारी बडबडी तर म्हणते, "माझ्या एकट्या फ्रिजवर चार जणांची पीएचडी होईल."

तेवीस नंबरमधल्या जीवाणूने तीन आठवडे माझं डोकं खाल्लं होतं. जीवाणू वाढवायची प्लेट फ्रिजमध्ये ठेवली की वाढ मंदावते; हा पठ्ठ्या तिथेच हातपाय पसरत होता. आज सकाळी त्याच्या जनुकांचा निकाल आला. सगळ्यात जवळच्या नातेवाइकाशीही तो पंचाण्णव टक्केच जुळत होता.

"नवीन प्रजाती!" सर खुर्चीतून उठलेच. "नाव शोधायला लाग. आणि उघड आता पाकीट."

उघडलं. अक्षर माझंच होतं. 'घरचं गाजर, बाळाचं. डबीला फेस.'

चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"सर, याने माणूस आजारी पडतो?"

"नवीन आहे ना! अजून कुणालाच काही माहीत नाही." त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

महिन्याचं गाजर मी एकदाच उकडते, वाटते, साच्यात गोठवते. आठवड्यापुरते तुकडे डब्यांत भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवते. एक डबी फेसाळली, ती इथे आणली. त्यात उष्टा चमचा गेला असेल, असं ठरवून मोकळी झाले आणि बाकीचं तसंच ठेवलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तासभर भाषण दिलं असतं. मागच्या आठवड्यात माझ्या पिटुकलीला दोन दिवस जुलाब झाले, तेव्हाही सगळं येणाऱ्या दातांवर ढकललं.

फोन सासूबाईंनी उचलला.

"आई, तिला गाजर दिलं?"

"आत्ताच. चाटूनपुसून संपवलं पोरीने."

"उकळलं होतं ना?"

"अगं, तूच बजावलंस ना, नुसतं कोमट करा, सत्त्व जातं म्हणून? काय झालं?"

"आता देऊ नका. फेकूही नका. मी येते."

घरी पोचले तर पिटुकली झोपली होती. या वेळी ती कधी झोपत नाही. तिच्या कपाळाला तळहात लावला, मग मनगट, मग ओठ. तिन्ही वेळा वेगळंच वाटलं. मागे आई उभ्या होत्या.

"माझं काही चुकलं का गं?"

"नाही, आई. माझं चुकलं."

उठल्यावर तिला दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, खेळतेय, दूध पितेय, लक्ष ठेवा. कशावर ठेवायचं, ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी मी तेवीस नंबर दोन प्लेटींवर पसरवला. एक फ्रिजमध्ये, दुसरी सदतीस अंशांवर, अंगाच्या उबेत. मग दर तासाला घरी फोन. शेवटी आईच उचलल्या उचलल्या सांगू लागल्या, "नव्याण्णवच्या खाली आहे. शी घट्ट. तू जेवलीस का?"

दोन दिवसांनी प्लेटी काढल्या. फ्रिजमधली पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. उबेतली कोरी. मी ती उजेडात धरून तीनदा पाहिली, मग बडबडीला दाखवली.

"कोरी आहे गं," ती म्हणाली. "रडू नकोस, प्लेटीत पडेल."

"वाढत नाही म्हणजे निरुपद्रवी असं नाही हं," सर म्हणाले. "विष आधीच अन्नात सोडलं असेल, तर—" बडबडीने त्यांना कोपराने डिवचलं. त्यांनी विषय बदलला. "बरं, नाव?"

"थांबा, सर. तिचा एक आठवडा नीट जाऊ दे."

घरी येऊन पिटुकलीचं झबलं काढलं आणि तिला उघड्या अंगाने छातीशी धरलं, वर माझी शाल घेतली. ती चुळबुळली, माझी हनुवटी चोखू लागली.

"अगं, उकडतंय तिला," आई म्हणाल्या.

"उकडू दे," मी म्हटलं आणि शाल आणखी वर ओढली.