कॉन्तेची कांडी

लातूरच्या वसंतराव मास्तरांनी नांदेडहून आलेलं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. चित्रकलेच्या परीक्षेला दहा दिवस उरले होते. पत्रात इंग्रजीत नवीच अट होती: शेवटचं चित्र 'कॉन्ते'त काढावं, साहित्य ज्याचं त्यानं आणावं.

"गुरुजी, कॉन्ते म्हंजे काय वो?" शिवकांतानं विचारलं.

तेरा वर्षांच्या त्या पोरीचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या वडिलांनी, आडत दुकानदार मलप्पांनी, साफ सांगितलं होतं, "पास झालीस तर नांदेडला शिकायला ठेवतो. न्हाई झालीस तर उदगीरचं स्थळ हाय." आणि मलप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

मास्तरांनी जाडजूड इंग्रजी कोश काढला, पानं उलटली आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"अगं, हे तर माणसाचं आडनाव! फ्रान्सचा चित्रकार होता."

"मग माणसात चित्र कसं काढायचं?"

मास्तर खो खो हसले. "तुझे अप्पा रोज सकाळी नाकात काय ओढतात?"

"गुंडप्पा."

"आणि गुंडप्पा कोण?"

"तपकीर करायचा तो. मरून लई वर्षं झाली की."

"झालं तर! माणूस गेला, नाव मालाला चिकटलं. इंग्रजीतही तेच. या कॉन्तेनं चित्र काढायच्या कडक कांड्या केल्या, म्हणून कांडीच कॉन्ते झाली. 'चित्र कॉन्तेत आहे' एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं."

पण कांडी आणायची कुठून? महायुद्ध पेटलेलं, फ्रान्सचा माल बंद. हैदराबादच्या दुकानानं आधीच कळवलं होतं, साधी पेन्सिलसुद्धा मिळायची नाही. मास्तर हिरमुसले, पण कोशातलं पुढचं वाचता वाचता त्यांचा आवाज चढला. "ऐक! त्याच्या वेळीही युद्धच होतं. शिसपेन्सिलीचा दगड विलायतेहून येईना. तेव्हा यानं दगडाचा चुरा मातीत मळला, भाजला आणि कांड्या केल्या."

शिवकांता ताडकन उठली. "म्हंजे त्यालाबी मिळत नव्हतं म्हणून त्यानं केलं? मग आपणबी करू की! चुरा न्हाई, पण काजळी हाय!"

ती घरी पळतच गेली. दिव्यावर परात धरून वाटीभर काजळी जमवली. कांडी काळी हवी, म्हणून परसातली काळी माती घेतली, मळली, वळली आणि उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक कांडीला चैत्रातल्या रानासारख्या भेगा! हात लावताच तुकडे. पोरीचे डोळे भरून आले.

तिची आई उमाबाई विभूतीच्या गोळ्या करत बसली होती. तिनं तुकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "येडे! शेतकऱ्याच्या गावात ऱ्हातीस आन् काळी वापरतीस? काळीत पेरायचं, पांढरीत ऱ्हायचं. काळी वाळली की फाटती, ती घराच्या माळवदावर तरी टाकतंय का कुणी?"

"पण अव्वा, मला काळी कांडी पायजे."

"काळा रंग काजळी देतीय. मातीनं नुसतं धरून ठिवायचं."

मग उमाबाईंनी जुन्या भिंतीची पांढरी माती मागवली. विभूतीची राख गाळतात तशी ती पाण्यात कालवून तलम धोतराच्या फडक्यातून सात वेळा गाळली आणि तळाशी बसलेला साका तेवढा घेतला. त्यात काजळी मळली. कांड्या सावलीत वाळल्या. मडक्यात घालून तोंड लिंपलं, मडकं गोवऱ्यांत पुरलं आणि गोवऱ्या पेटवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गार झालेलं मडकं फोडलं तेव्हा आतून काळ्याशार, टणक कांड्या निघाल्या. शिवकांतानं एक उचलून उंबऱ्यावर ओढली. गडद, मखमली रेघ!

"अव्वा, उठली गं उठली!" ती अंगणभर नाचली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बापलेक मोटारीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोहोचली. परीक्षेच्या दालनात हैदराबादचे परीक्षक साहेब प्रत्येकाचं साहित्य तपासत होते. बहुतेकांनी कोळसा आणला होता. तो चालणार नाही म्हणून साहेब त्या मुलांना शेवटच्या चित्राला बसू देत नव्हते. शिवकांताची कांडी त्यांनी उजेडात धरली.

"ये कॉन्ते नहीं है, बेटी. याच्यावर छाप कुठंय?"

शिवकांता एक पाऊल पुढं झाली. म्हणाली, "साहेब, कॉन्तेनं पयली कांडी केली तवा तिच्यावरबी छाप नव्हता. माल येत न्हवता म्हणून त्यानं माती मळली, भाजली. आमीबी तसंच केलं. त्याच्या रीतीनं केली, तर त्याचंच नाव लागंल न्हवं?"

साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढली. अंगठ्यानं पुसली. पुन्हा ओढली. मग खिशातून लेखणी काढून तिच्या नावापुढच्या 'साहित्य' रकान्यात स्वतः लिहिलं, कॉन्ते.

"बसा. काढा," ते म्हणाले. "आणि जास्तीची असेल तर मला एक द्या. दोन वर्षं झाली, माझ्याकडंही नाही."

शिवकांतानं गोदावरीचा घाट काढला. पायऱ्या, पायऱ्यांवरच्या सावल्या, पाण्यातली सांज. हात कोपरापर्यंत काळे झाले.

दिवेलागणीला दारावर पास झालेल्यांची इंग्रजी यादी लागली. मलप्पांना वाचता येत होतं ते मोडीच, म्हणून त्यांनी शेजारी उभ्या माणसाला लेकीचं नाव दोनदा वाचायला लावलं. नंतर पटका सारखा करत ते लेकीला म्हणाले, "चल, आता हितं कुणाच्या घरी ऱ्हातीस ते बघू. मात्र त्येंच्या भिंती काळ्या करू नगं."