गाडीच्या पोटाखालचा पुठ्ठा

मी पुठ्ठा बोलतोय. पुठ्ठ्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असं म्हणून नाक मुरडू नका. मी जे पाहिलंय ते तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. मी चालू गाडीचं पोट खालून पाहिलंय.

माझा जन्म कारखान्यातला. जुन्या वह्या, फाटकी पाकिटं यांचा लगदा करून मला लाटलं, वाळवलं आणि एका नव्याकोऱ्या फ्रिजभोवती उभं केलं. अंगावर मोठा बाण छापला, 'ही बाजू वर'. हमालांनी मला नेमकं उलटं उतरवलं. फ्रिज घरात गेला, त्याचं कौतुक झालं आणि मी पोर्चच्या भिंतीकडे तोंड करून टेकून राहिलो. माणसांना आतली वस्तू हवी असते हे मला कळतं, तरी वाईट वाटलंच.

घरात दोघंच. मुलगी नर्स होती, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. वडिलांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान बंद केलं तरी त्यांचे हात काही स्वस्थ बसत नव्हते. एकदा पोर्चच्या फरशीवर लाल तेलाचे डाग दिसले, तेव्हा त्यांनी मला उभं कापून सपाट केलं आणि गाडीखाली सरकवलं.

तिथून माणसं मला घोट्यापर्यंतच दिसायची. वडिलांच्या चपला फरफटत यायच्या. मुलीचा उजवा बूट साधा आणि डाव्याला चांगला चार बोटं जाड तळवा, कारण तो पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबणं त्याला जमत नव्हतं, म्हणून ही ऑटोमॅटिक गाडी, दोन मालकांकडे राबून आलेली.

आणि वर पाहिलं तर, अबब! केवढे ते पाइप, केवढे नटबोल्ट, काळ्या तेलकट धुळीने माखलेले, तरी प्रत्येक जण आपापल्या जागी ठाम. मधोमध गिअरबॉक्स, त्याच्या तळाला उथळ परातीसारखं चेंबर. एवढं सगळं एका बाईच्या उजव्या पावलाचं ऐकतं, या विचाराने मी थक्क झालो. तेवढ्यात चेंबरच्या कडेवरून एक थेंब सुटला आणि माझ्यावर पडला. लालभडक होता, पातळ आणि कोमट. मी तो अलगद झेलला.

मोठ्या गॅरेजवाल्याने पुरतं न वाकताच निकाल दिला, "गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. पूर्ण खोलायचा." त्याने सांगितलेल्या पैशांत दुसरी जुनी गाडी आली असती. मुलीचे बूट वडिलांच्या चपलांकडे वळले.

"मग गाडी बंदच ठेवायची का हो, बाबा?"

"अगं, आधी बघू, मग उघडू," वडील म्हणाले. "सरळ उघडायला बसणारा घड्याळजी मी तरी नाही."

गाडी रोज त्याच जागी लागावी म्हणून त्यांनी माझ्यावर चारी चाकांच्या जागा पेन्सिलीने आखल्या आणि रोज थेंबांभोवती गोल काढू लागले. गिअरबॉक्सचं तेल आत बुडालेली खुणांची पट्टी ओढून तपासायचं असतं. तेही ते रोज तपासायचे, पण त्याआधी गाडी बंद करायला लावायचे. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. पट्टी रोज भरलेली दिसायची. माझ्यावर मात्र लाल डाग वाढतच होते. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी चढावर इंजिन नुसतंच गुरगुरलं, गाडी काही पुढे सरकेना. मुलीने ती कडेला लावली आणि पेशंटच्या घरापर्यंतचा सगळा चढ पायी चढली. संध्याकाळी गाडी ओढून आणली, तेव्हा जाड तळव्याचा बूट तिला जमिनीला टेकवत नव्हता.

"वरिष्ठ बाई म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर माझी फेरी दुसरीला देणार," ती म्हणाली. "मला ऑफिसात टेबलापाशी बसवणार. बाबा, त्या चढावरचे आजोबा आठ महिन्यांपासून माझ्याशिवाय कुणाला पट्टी बदलू देत नाहीत."

"पण पट्टीवर तेल तर भरपूर होतं गं."

"बंद गाडीत ना?" मुलगी गाडीच्या पुस्तकाची पानं उलटू लागली. मग थांबली. "बाबा, हे वाचा. इंजिन चालू आणि तेल गरम असताना बघायचं. बंद केली की वर फिरणारं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. नाडी आम्ही माणूस जिवंत असतानाच बघतो की नाही?"

वडिलांनी ते पान दोनदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माझंच चुकलं." सत्तरी उलटलेल्या माणसाने आपली चूक इतकी सरळ कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढची चाकं भक्कम ठोकळ्यांवर चढवली, मागची अडवली, गिअरबॉक्स पुसून लख्ख केला आणि त्यावर अंगाची पावडर भुरभुरली. थोडं तेल घालून गाडी सुरू केली. मग माझ्यावर पाठ टेकून, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून ते वर पाहत राहिले. हात मात्र छातीवर घट्ट बांधलेले. त्यांच्या काळजाचे ठोके मला अंगभर जाणवत होते.

चेंबरची कड पांढरीच राहिली. आणि वरून, रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या तोंडापासून, एक लाल रेघ पावडरीतून सावकाश उतरली. गळत होतं तिथे वर आणि ठिबकत होतं इथे खाली.

"पाइप आहे गं! नुसता पाइप!" वडील ओरडले, आणि आम्ही तिघंही आनंदलो, मीसुद्धा.

तेलाला टिकेल असा वीतभर नवा पाइप, दोन क्लिपा आणि तेलाचे डबे, एवढ्यात भागलं. या वेळी तेल मोजताना गाडी चालू होती. वडिलांनी आयुष्यभराचा नेम मोडून पट्टी ओढली.

पण गिअरबॉक्सला आतून इजा झाली होती की नव्हती, हे चढच सांगणार होता. मुलगी कामावर निघणार त्या सकाळी त्यांनी मला बाहेर ओढलं. मी तेलाने जड झालो होतो, आता रद्दीवालाही घेईल की नाही शंकाच. त्यांनी मला फाटकापाशी उभं केलं.

तिथून मी मुलीला पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. औषधांची पेटी घेऊन ती दारातून आली. प्रत्येक पावलाला एका अंगावर कलत होती, गाडीपर्यंतच्या दहा पावलांत दोनदा थांबली. मग आत बसली. गाडी फाटकाबाहेर पडली आणि समोरच्या चढाला लागली. वडील फाटक धरून बघत होते. गाडी न अडखळता, न गुरगुरता वर गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

येतो मी आता. तेलाने भिजलेला पुठ्ठा कुणी जपून ठेवावा असं माझं मागणं नाही. पण तुमच्या दारातून कुणी असं निघालं, तर घटकाभर थांबून बघा. त्या चढावर ती मुलगी जराही लंगडत नव्हती.