मोकळं टोक

भाऊजींची नोकरी गेली तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मोठ्या कंपनीत नेटवर्कचा सगळा कारभार बघणारा माणूस, हाताखाली चार माणसं. अशा माणसाला आठ-पंधरा दिवसांत दुसरी नोकरी मिळणार, असंच सगळे धरून चालले होते. ते आठ-पंधरा दिवस लांबत लांबत उन्हाळा सरला. सुरुवातीला भाऊजी अर्ज करायचे, फोन करायचे. पुढे पुढे ते नुसतेच घरात फिरायला लागले. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत.

शेवटी भाऊजींच्या बायकोने, म्हणजे धाकट्या जावेने, वहिनींना फोन केला. "ताई, तुमच्या ऑफिसात ह्यांच्यासाठी काहीतरी काम काढा. अहो, येरझाऱ्या घालून घालून फरशी झिजवतील. विचारलं तर म्हणतात, काही नाही. जेवायला बसले तरी अर्ध्यातून उठतात."

काम तसं होतंच. वहिनींचं इमारतींचे नकाशे काढून देण्याचं छोटं ऑफिस होतं. जिन्याच्या वर दोन खोल्या, त्यात चार कॉम्प्युटर, एक नकाशे छापायचं अवाढव्य मशीन आणि बरीच वर्षं बरोबर असलेले ड्राफ्ट्समन, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. सगळे नकाशे एकाच जुन्या कॉम्प्युटरवर ठेवलेले असत आणि बाकीचे तिथून वायफायवर उघडत. मोठा नकाशा उघडायला घेतला की मास्तर उठून हात धुऊन, पाणी पिऊन यायचे, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. वायर टाकून घ्यायची असं वहिनी कधीपासून म्हणत होत्या. आता घरचाच माणूस मोकळा होता.

भाऊजी सकाळी आले ते पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मास्तरांनी पुढे केलेला चहा त्यांनी उभ्या उभ्याच घेतला आणि अर्धा कप खिडकीत ठेवून कामाला लागले.

"वहिनी, स्विच इथे बसवतो, मधल्या भिंतीला. प्रत्येक टेबलाकडे वेगळी वायर जाईल. आणि इंटरनेटच्या डब्यातून एक वायर ह्यात येईल. झालं."

"झालं म्हणजे किती वेळ? आज दुपारी त्या बिल्डरला नकाशे जायचे आहेत. सगळा संच."

"जेवणाआधी होईल."

स्विच म्हणजे वहिनींना वाटलं होतं तसलं काही मोठं प्रकरण नव्हतं. पुस्तकाएवढा लोखंडी डबा, पुढे ओळीने खाचा आणि प्रत्येक खाचेवर एक बारीक हिरवा दिवा. भाऊजी मात्र त्यासाठी अख्खं ऑफिस पालथं घालत होते. टेबलं ओढली, भिंतीच्या कडेने पट्टी ठोकली, वायरी मोजून कापल्या. वायरीचं वरचं आवरण सोलून आतल्या आठ रंगीत तारा ते बोटांनी सरळ करत, क्रमाने लावत आणि पकडीने कनेक्टर दाबून बसवत. हात तरबेज होता, ते कुणालाही दिसलं असतं. पण प्रत्येक वायर ते दोन-दोनदा तपासत होते. मध्येच उठून दारापर्यंत जात, परत येत, आणि तीच वायर पुन्हा तपासायला घेत.

"अहो, ही बघितलीत की मघाशी," मास्तर एकदा म्हणाले.

"हो का?" भाऊजी म्हणाले, आणि तरीही त्यांनी ती तपासलीच.

वहिनींना ते बघवेना. त्या स्वतः काही कमी नव्हत्या. त्यांचे हात कायम शिवशिवायचे. दुसऱ्याच्या घरी गेल्या तरी वाकडी चटई सरळ केल्याशिवाय त्यांना बसवत नसे. सासूबाई म्हणायच्या, हिला वाऱ्यावर सोडली तर वाराही घडी घालून ठेवेल. त्यात आज डोक्यावर बिल्डरचं काम. त्या आपल्या खुर्चीतून उठत, भाऊजींच्या मागे उभ्या राहत, आणि उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून परत जाऊन बसत.

जेवणाआधी खरंच झालं. स्विचवरचे दिवे लागले, कुठला आत्ता, कुठला मग, आपापल्या तालात लुकलुकायला लागले. मास्तरांनी सगळ्यात जड नकाशा उघडला. तो टिचकीसरशी उघडला. मास्तरांनी बंद करून पुन्हा उघडून बघितला.

"वा," ते म्हणाले. "आता पाणी प्यायला निमित्त शोधावं लागेल."

भाऊजी हसले. कितीतरी दिवसांनी वहिनींनी त्यांना हसताना बघितलं. हात धुवायला म्हणून ते बाहेरच्या नळावर गेले. एक जास्तीची वायर त्यांनी करून ठेवली होती, पुढेमागे आणखी टेबल आलं तर असावी म्हणून. तिचं एक टोक स्विचमध्ये होतं आणि दुसरं भिंतीवरून लोंबत होतं. वहिनींना ते काही बरं दिसेना. शेजारीच एक रिकामी खाच होती. त्यांनी ते टोक उचललं, खाचेत सरकवलं, टक् असा आवाज आला, आणि वायरीचं वेटोळं नीट पट्टीमागे खोचून त्या जागेवर येऊन बसल्या.

थोड्याच वेळात मास्तर म्हणाले, "वहिनी, हे अडकलं."

पडद्यावर पुन्हा तेच चक्र फिरत होतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच. छापायचं मशीन गप्प, इंटरनेट बंद, आणि वायफाय, जे कसंबसं का होईना पण चालायचं, तेही मेलेलं. भाऊजी रुमालाला हात पुसत आत आले आणि स्विचकडे बघून जागच्या जागी थांबले. सगळे दिवे एकदम, एका लयीत, भराभर लुकलुकत होते.

त्यांनी स्विच बंद करून चालू केला. क्षणभर सगळं ठीक झालं. मग पुन्हा तेच.

"काय झालं, भाऊजी?"

"बघतो."

पण ते बघत नव्हते. नुसते उभे होते. तेवढ्यात बिल्डरचा फोन आला, वहिनींनी "पाठवतोच आहोत" म्हणून तो कसाबसा ठेवला. मास्तर जुन्या कॉम्प्युटरला आपला मोबाइल जोडून नकाशे पाठवायच्या खटपटीला लागले, पण ते मुंगीच्या पावलाने जात होते.

"कनेक्टर संपलेत," भाऊजी एकाएकी म्हणाले. "खालून घेऊन येतो." आणि जिना उतरून गेले.

बराच वेळ झाला. भाऊजी येईनात. मास्तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "वहिनी, कनेक्टरची डबी तर इथेच आहे. भरलेली."

भाऊजींचा मोबाइलही टेबलावरच होता, आणि तो थरथरायला लागला. तो थांबतो न थांबतो तोच वहिनींचा वाजला. धाकटी जाऊ.

"ताई, कसं चाललंय? हे फोन उचलत नाहीत."

"खाली गेलेत गं, सामान आणायला."

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मी करायला सांगते फोन."

फोन ठेवला आणि वहिनी पायात चपला सरकवून खाली धावल्या. विजेच्या सामानाच्या दुकानात भाऊजी नव्हते. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने कुणाला बघितलं नव्हतं. वहिनी चौकापर्यंत गेल्या, परत फिरल्या, पुन्हा गेल्या. मनात नको नको ते येत होतं आणि त्या ते हाताने माशी वारावी तसं वारत होत्या. जावेला काय सांगायचं? काम द्या म्हणाली होती बिचारी.

रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर एक बस येऊन उभी राहिली. ती गेल्यावर बाकावर भाऊजी दिसले. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला, गुडघ्यांवर हात.

वहिनी रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी बसल्या. धाप लागली होती.

"कुठल्या बसची वाट बघताय?"

"कुठल्याच नाही." भाऊजी म्हणाले, "वहिनी, माझ्याच्याने नाही व्हायचं आता हे. ते दिवे बघितले आणि डोकंच चालेना."

मग ते बोलले. कंपनीतही असंच झालं होतं, अगदी शेवटी शेवटी. सगळे दिवे एकदम, सगळं काम ठप्प. साहेब मागे येऊन उभे राहिलेले. काय झालंय ते भाऊजींना दिसत होतं, पण कुठे झालंय ते सापडेना, कारण तिथे वायरींचं जंगल होतं. अर्धा दिवस कंपनी बंद राहिली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना बोलावून घेतलं.

"घरी मी सांगितलं, माणसं कमी केली. हिला अजून तेच माहीत आहे."

"आणि त्या दिव्यांचं काय असतं?" वहिनींनी विचारलं.

"फेरा पडतो. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की आत आलेला निरोप बाहेर पडत नाही, तिथेच गरगरत राहतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. सगळा रस्ता तुंबतो. पण मी तर तसं काही..." ते थांबले. "केलंही असेल. आता माझा माझ्यावरच भरवसा नाही."

ते टक् आता त्यांच्या कानात वाजलं. एकदा मनात आलं, गुपचूप वर जावं, टोक उपसावं आणि म्हणावं, बघा, आपोआप सुरू झालं. ऑफिसातल्या माणसांसमोर शोभा तरी व्हायची नाही. पण मग हा माणूस जन्मभर असाच बाकावर बसून राहील, हेही त्यांना दिसलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ते मी केलं."

"काय?"

"ती जास्तीची वायर. लोंबत होती. बरं दिसत नव्हतं म्हणून तिचं टोक मी शेजारच्या खाचेत बसवलं. तुम्ही नळावर होता तेव्हा."

भाऊजी एकदम उठले.

"वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"कुणी नाही."

"विचारायचं तरी. चालू नेटवर्कमध्ये विचारल्याशिवाय वायर घालायची नाही. काढायचीही नाही. मी तिथे नव्हतो का? हाकेच्या अंतरावर होतो." रस्ता ओलांडताना, जिना चढताना ते बोलतच होते. आवाज चढलेला, हातवारे चाललेले, हाताखालच्या माणसाला झापावं तसे. थोरल्या वहिनीशी ते आजवर असं कधी बोलले नव्हते. वहिनींना रागही आला. दोनदा उत्तर अगदी ओठांवर आलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते गिळलं.

वर येऊन भाऊजींनी ते टोक उपसलं. दिवे पुन्हा वेगवेगळे लुकलुकायला लागले. मास्तरांनी काही न विचारता नकाशे पाठवायला घेतले आणि ते गेलेही. बिल्डरने उशिराबद्दल दोन शब्द ऐकवले, ते वहिनींनी ऐकून घेतले.

निघताना भाऊजी दाराशी घोटाळले. "मघाशी जरा जास्तच बोललो."

"बोललात खरे," वहिनी म्हणाल्या. "धाकटीला फोन करा. आणि कंपनीचं तिला सांगा. माझ्याकडून नको कळायला."

भाऊजींनी मान हलवली. हो की नाही, ते वहिनींना कळलं नाही.

पण त्यांनी सांगितलं. धाकटीने दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. नोकरी कशी गेली याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. आपल्यापासून लपवलं, याने ती पेटली होती, आणि चांगले चार दिवस ती भाऊजींशी कामापुरतंच बोलली. वहिनी त्यात पडल्या नाहीत.

पुढे भाऊजी दोन ठिकाणी मुलाखतीला गेले. तुमच्या हातून मोठी चूक कधी झाली, असं दोन्हीकडे विचारलं आणि दोन्हीकडे त्यांनी कंपनी बंद पडली त्या दिवसाची गोष्ट सांगितली. पहिल्यांनी कळवतो म्हणून कळवलंच नाही. दुसरं एक कॉलेज होतं, जागा आधीपेक्षा बरीच खालची, खोली तळघरात. त्यांनी भाऊजींना घेतलं.

"कसं आहे तिथे?" वहिनींनी एकदा फोनवर विचारलं.

"मशीनच्या पंख्यांचा आवाज फार आहे," भाऊजी म्हणाले. "दुपारपर्यंत डोकं उठतं. पण बरं आहे. थांबा हं वहिनी, कुणीतरी हाक मारतंय, बघून येतो."

आणि फोन चालूच ठेवून ते गेले.