चांगला रस्सा स्टुलं ओढतो

सेरवाच्या हाताला चव होती, हाच तिचा गुन्हा. उकडलेल्या कंदांच्या गोळ्याचं फुफू कुटून झालं, शेंगदाण्याच्या रश्श्याला तेल सुटलं, की अख्ख्या एजिसू गावातून नेमका नवऱ्याचा मामा, ट्वुमासी, आपलं लाकडी स्टूल काखेत मारून हजर. बसता बसता म्हणायचा, "चांगला रस्सा स्टुलं ओढतो, सूनबाई." म्हण खरीच, आणि सुगरणीचं कौतुक करणारी. पण कौतुकाने पोट भरतं का? मांस मामाच्या वाडग्यात, सेरवाच्या वाट्याला तळातलं पाणी. नवरा बोआतेंग मूग गिळून गप्प. असांते लोकांत कुळ आईकडून चालतं; मामाचं कुळ तेच भाच्याचं कुळ, मग मामापुढे तोंड कोण उघडणार?

शेवटी तिचं डोकं फिरलं. आठवडाभर तिने रश्श्यात मीठच घातलं नाही. ओढ म्हणावं आता स्टुलं.

तर अळणी रश्श्याने जास्तच ओढली. असांतेंच्या घरात बायकोचा रस्सा अळणी झाला, म्हणजे नवरा-बायकोत बिनसलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मामाने ते गावभर केलं आणि भांडण मिटवायला कुळातली दोन थोर माणसं घेऊन आला. एकाची तीन स्टुलं झाली. निवाडा करणाऱ्यांना उपाशी थोडंच पाठवतात? सेरवाने कपाळावर हात मारून घेतला.

"बोल पोरी," त्यांतली आफ्रिये आजी म्हणाली. "नवऱ्याने काय केलं?"

"काहीच केलं नाही, तेच तर. पावसाळा सरल्यापासून मी एकदाही पोटभर जेवले नाहीये, आजी. चांगला रस्सा स्टुलं ओढतो म्हणे. पण येताना हात हलवत या, असं कुठल्या म्हणीत आहे?"

मामा खोकला. "अगं, मी आपलं थट्टेत म्हणतो."

"म्हणतोस थट्टेत, खातोस मात्र खरंखरं," आजी म्हणाली. "चूक तुझी. रीतीप्रमाणे सुनेला एक कोंबडी दे."

दुसऱ्या संध्याकाळी मामा कोंबडी घेऊन आला, आणि स्टूलही. सेरवाने कोंबडी शिजवली, मीठ बेताचं घातलं. मग आधी आपलं वाडगं काठोकाठ भरलं, वडीलधाऱ्याच्या मानाचा तुकडाही त्यातच घेतला, आणि सगळ्यांदेखत जेवायला बसली.

मामाने भाच्याकडे पाहिलं.

"थांबा मामा," बोआतेंग म्हणाला. "ती जेवतेय."