पंपघरातला फोन

पलीकडून फोन उचलला गेला आणि ताईंनी माऊसवरचा हात झटकन मागे घेतला.

ओढ्याकाठच्या त्या पंपघरात कुणी राहत नसे. एक पंप, भिंतीवर लोखंडी पेटी, पेटीत रेडिओ आणि छपरावर अँटेना, एवढाच तिथला संसार. अशा पेट्या बसल्या तसे सगळ्या पंपघरांतले राखणदार गेले. आता कंट्रोल रूममधून पाळीपाळीने प्रत्येक पेटीची विचारपूस व्हायची, पेटी उत्तर द्यायची, आणि ताई खुर्चीत बसल्या बसल्या कोसभर लांबचा पंप चालू-बंद करायच्या. जुना फोन तेवढा काढायचा राहून गेला होता.

पंप सुरू करण्याआधी ताई दर वेळी त्या फोनवर रिंग द्यायच्या. "भुतांची परवानगी घेताय का, ताई?" असं सुरुवातीला कुणीतरी म्हणायचं. मग बापू आठवायचे आणि बोलणारा जीभ चावायचा.

बापू म्हणजे पंपांचे मेकॅनिक. मागच्या वर्षी एका दुपारी ताईंनी हा पंप चालू करायचा हुकूम सोडला, पण रेडिओचा संपर्क तुटला होता. उत्तर येईना, म्हणून ताईंनीच त्यांना सांगितलं, "बापू, जरा बघून या हो." बापू तिकडे गेले. पंप बंद होता. त्यांनी पंप फिरवणाऱ्या दांड्यावरची जाळी काढली आणि हात आत घातला. तिथला वीज तोडायचा स्विच पाडायचा राहून गेला. तेवढ्यात संपर्क जुळला, आणि वाटेत अडकलेला हुकूम पोचला. बापू वाचले नाहीत.

चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही. अडकलेला हुकूम आपोआप रद्द व्हावा अशी दुरुस्ती झाली. ताईंना कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. बापूंच्या घरी भेटायला म्हणून त्या निघाल्या होत्या, पण दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"कोण आहे?" ताईंनी कसंबसं विचारलं.

"मी. बापूंच्या घरची."

"वहिनी? तुम्ही आत कशा गेलात?"

"किल्ली घरीच होती. कुणी परत मागितलीच नाही. एकदा बघायचं होतं, कुठे झालं ते. हा फोन रोज वाजतो?"

"हो."

"कुणासाठी?"

"कुणी आत असलं तर... पंप चालू करायच्या आधी."



"म्हणजे त्या दिवशी पंप चालू करणाऱ्या तुम्हीच."

"हो. मीच."

"मग करा चालू. मी बसलेय इथे. आपोआप कसा सुरू होतो, बघू दे मला."

"नको, वहिनी. आधी बाहेर जा. हात जोडते तुम्हाला."

फोन ठेवला गेला. ताईंनी पुन्हा लावला. नुसताच वाजत राहिला.

स्क्रीनवर पंपघराच्या दारापुढे 'उघडं' दिसत होतं. टाकीची पातळी उतरत होती. साहेब तरातरा आले.

"अहो, हॉस्पिटलची लाईन आहे त्या टाकीवर! कशाची वाट बघताय?"

"आत माणूस आहे, साहेब. बापूंच्या मिसेस."

साहेबांचा आवाज खाली आला. "गाडी पाठवतो. पण तोवर पाण्याचं काय?"

"दुसऱ्या टाकीतून वळवा थोडं. मी हा सुरू करणार नाही."

"आणि मी सांगितलं तर?"

"मग तुम्ही दाबा."

साहेबांनी माऊसकडे पाहिलं. मग मुकाट्याने जाऊन फोनवर पाणी वळवायला सांगू लागले.

बऱ्याच वेळाने 'उघडं'चं 'बंद' झालं. ताई हलल्या नाहीत. दार लागलं एवढंच पेटीला कळतं. माणूस दाराच्या अलीकडे राहिला की पलीकडे, ते तिला कुठून कळणार?

गाडीतून वहिनी थेट कंट्रोल रूममध्येच आल्या. चपलांना ओढ्याकाठचा चिखल होता. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"मला वाटलं, दार लावल्या लावल्या चालू कराल. बाहेर उभी राहून वाट बघत होते."

"तुम्ही आत की बाहेर, इथून कळत नव्हतं."

वहिनींनी स्क्रीनवर नजर फिरवली. "कुठला तो?"

ताईंनी बोटाने दाखवला. नखाएवढा करडा चौकोन.

"एवढंच दिसतं?"

"एवढंच."

"त्या दिवशीही?"

"हो."

वहिनी त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. मग शेजारचं स्टूल ओढून बसल्या. "आता कुणी नाही तिथे. कुलूप लावून आलेय. सोडा पाणी."

ताईंनी सवयीने फोन लावला. तो पुष्कळ वेळ वाजू दिला. मग बटण दाबलं. चौकोन हिरवा झाला.

"आवाज नाही येत?"

"इथवर नाही येत, वहिनी."

वहिनींनी तरीही कान स्क्रीनजवळ नेला. ताई उठल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पंखा बंद केला.